वरील मजकूर चुकीचा आहे

सातपूरच्या बसथांब्यावर माझ्यापुढे साठीतल्या दोन मैत्रिणी बोलत उभ्या होत्या.

“काय गं रत्ना, आत्मचरित्र कुठवर आलं?”

“लग्नापर्यंत. जुना कॉम्प्युटर रडतखडत चालायचा, म्हणून भाच्याने एक हलकं सॉफ्टवेअर टाकून दिलं. फक्त लिहिण्यापुरतं. चहाला उकळी यायच्या आत उघडतं.”

“विकत घेतलंस?”

“फुकट आहे. ते सगळ्यांना खुलं असतं म्हणे. कुणीही वापरा, कुणीही सुधारा. ह्यांनी नेमकं तेवढंच ऐकलं.”

“भाऊजींनी सॉफ्टवेअर सुधारलं?”

“माझं आत्मचरित्र सुधारलं. मी लिहिलं होतं, मला बघायला आले तेव्हा हे एक शब्द बोलले नाहीत. दुपारी बघते तर खाली ओळ, ‘वरील मजकूर चुकीचा आहे. मी पाणी मागितले होते.’”

“मग तू काय केलंस?”

“त्याच्याखाली लिहिलं, ‘पाणी माझ्या बहिणीकडे मागितले होते.’”

“अगं बाई.”

“दोन दिवस घरात कुणी कुणाशी बोललं नाही. फाईल मात्र अकरा पानांनी वाढली.”

“आणि आता?”

“आज सकाळी उघडली तर शेवटी लिहिलेलं, ‘तुला बघून घसा कोरडा पडला होता. तुझ्याकडे मागायचा धीर झाला नाही.’”

“चाळीस वर्षांत हे कधी बोलले नव्हते?”

“नाही ना. आणि त्यातही ‘धीर’ची वेलांटी ऱ्हस्व दिलीय. जन्मभर शाळेत मराठी शिकवलं मी.”

“मग?”

“मग काय, राहू दिली तशीच.”