तिसऱ्या दिवसाची सकाळ

बाबा : ...वरचा पलंग त्याला द्यायचा नाही. कठडा आहे असं संस्थेच्या बाई म्हणाल्या, पण केवढा उंच ते विचारायचं राहिलं.

आई : तुम्ही फोनवर विचारता कुठे काही? नुसतं "हो हो, बरं बरं" चाललेलं असतं.

बाबा : त्या भराभर बोलतात गं. मी सात प्रश्न लिहून बसलो होतो. तिसऱ्यावर पोचेपर्यंत त्यांनी फोन ठेवलासुद्धा.

आई : वर मी झोपते. दोन रात्रींचा तर प्रश्न.

बाबा : पाच रात्रींचं शिबिर आहे.

आई : आपल्या दोन म्हणतेय. आपल्या.

बाबा : हं. लिहितो. वर तू. खिडकीखाली दादा. दाराशी मी. केबिनचं दार थेट वाळूवर उघडतं म्हणाल्या. रात्री उठून चालायला लागला, तर आधी मला अडखळेल.

आई : आणि तिसऱ्या रात्री कोणाला अडखळेल?

बाबा : प्रत्येक केबिनला त्यांचा एक माणूस असतो.

आई : त्या माणसाला माहीत आहे का, की त्याला पांघरूण पायावर लागतं, छातीवर चालत नाही?

बाबा : लिहिलंय. पान अकरा.

आई : पान अकरा? अहो, किती पानं झाली?

बाबा : एकोणीस.

आई : त्यांनी एक मागितलंय! "मुलाच्या सवयी थोडक्यात लिहा."

बाबा : थोडक्यात करायलाच बसलो होतो. चाळीस वर्षं छापखान्यात लोकांची प्रुफं तपासली, भल्याभल्यांचे परिच्छेदच्या परिच्छेद उडवले. इथं एक ओळ निघत नाही. उजव्या कानाजवळ कात्री नेली की ओरडतो, हे काढू? आंघोळीआधी पाण्यात स्वतः बोट घालून बघतो, हे काढू? पहिल्याच ओळीत अडकलोय. "मुलगा" लिहावं की "त्रेचाळीस वर्षांचे गृहस्थ"?

आई : वाचणार नाहीत ते.

बाबा : माहीत आहे.

आई : मग कोणासाठी लिहिताय?

बाबा : गरम कपड्यांचं सांग. समुद्रावर पहाटे गारठा असतो. दोन स्वेटर की तीन?

आई : सगळे. सगळेच भरले मी. शिबिर संपलं की बस त्याला तिथून थेट संस्थेतच नेणार. घरी मागे ठेवून करायचंय काय? तुम्ही घालणार आहात?

बाबा : त्याला दिसलं तर, एवढं सामान?

आई : दिसलं की. खूश आहे. तीस वर्षं म्हणत होतो, एकदा ह्याला समुद्र दाखवू. कधी तुमची जादा पाळी, कधी माझं दुखणं, कधी धाकटीची परीक्षा. आणि आता निघालो तर हे असे. चोरासारखे.

बाबा : चोरासारखे काय त्यात?

आई : तिसऱ्या दिवशीचं वाचा. काय लिहिलंत?

बाबा : तिसरा दिवस. आठ वाजता नाश्ता. साडेआठला सगळ्यांना पाण्यावर नेतात. पावणेनऊला आपली गाडी.

आई : म्हणजे तो पाण्यात पाय घालून उभा, आणि आपण मागच्या मागे पसार.

बाबा : बाई म्हणाल्या, बहुतेक घरचे असंच करतात. निरोप घेत बसलं की मुलं बिथरतात. नाही घेतला तर संध्याकाळपर्यंत रुळतात.

आई : रुळतात! आपल्याला शोधत केबिन-केबिनचं दार वाजवत फिरला तर, त्याला पण रुळणंच म्हणायचं का?

बाबा : मला नको विचारूस. मला काही कळेनासं झालंय.

आई : मग कोणाला विचारू? धाकटीला विचारलं, तर म्हणाली, "आई, तुम्ही दोघं ठरवाल ते." लांब राहिलं की माणूस किती समजूतदार होतो!

बाबा : तिला नको बोलूस. ती म्हणालीच होती, दादाला माझ्याकडे पाठवा. तू नको म्हणालीस.

आई : दोन खोल्यांत चौघं, त्यात जावईबापूंना रात्रपाळी. मी नको म्हणाले ते बरोबरच केलं. मी म्हणतेय, अजून एक वर्ष. चाललंय तसं चालू द्या.

बाबा : मागच्या महिन्यातलं विसरलीस?

आई : सांडलेल्या पाण्यावरून पाय घसरला तुमचा. कोणाचाही घसरतो.

बाबा : घसरतो. पण दोन तास कोणी मोरीत पडून राहत नाही. तू बाजारात. मी त्याला म्हणतोय, दार उघड, शेजाऱ्यांना हाक मार. तो माझ्याकडे बघून हसतोय. मग आत गेला, उशी आणली, माझ्या डोक्याखाली सरकवली. पांघरूण आणलं. पायावरच घातलं, छातीवर नाही. दिवा घालवला आणि शेजारी मांडी घालून बसला. तू आलीस तर तुलाच म्हणाला, "हळू बोल. बाबा झोपले."

आई : पुरे.

बाबा : उद्या खरंच झोपलो तरी तो असाच बसून राहील गं. माझ्याशेजारी नाहीतर तुझ्याशेजारी. किती दिवस, देव जाणे. दार उघडणार नाही.

आई : पुरे म्हटलं ना. ...टॉर्च लिहिला का?

बाबा : लिहिला.

दादा : आई! बाबांचं चुकलं!

आई : काय रे राजा? आणि ती पिशवी कशाला आणलीस उचलून?

दादा : गोळ्या. सकाळच्या गोळ्या मी देतो ना? मी देतो. बाबांच्या डबीत दोनच. शनिवार, रविवार. संपलं. आईच्या पण दोन. माझी बघ. मोठ्ठी पिशवी!

आई : तुझ्या जास्त लागतात म्हणून.

दादा : नाही. मला दोन लागतात. सकाळी एक, रात्री एक. बाबांना सकाळी एक. ह्या खूप आहेत. मोजल्या, मग विसरलो. खूप.

आई : आता द्या उत्तर. तुमच्या कागदावर असेल.

बाबा : अरे, आमच्या आम्ही तिथे घेऊ. दुकान असतं.

दादा : समुद्रात दुकान?

बाबा : समुद्राजवळ.

दादा : मग माझ्या पण तिथेच घेऊ. ओझं कशाला?

आई : बोला. तपासा आता हे प्रूफ.

बाबा : टोमणे नको मारूस गं. दादा, इकडे ये. बस. पिशवी ठेव खाली. मला नीट सांगता येणार नाही. तुझ्या आईला आलं असतं.

आई : मला नाही येत. मला आलं असतं तर सकाळीच सांगितलं असतं.

बाबा : आपण केबिनमध्ये राहायला जाणार ना?

दादा : लाकडाची केबिन. समुद्र. शुक्रवारी.

बाबा : शुक्रवारी. तिथे आई आणि मी दोन रात्री राहणार. तू जास्त राहणार.

दादा : किती?

बाबा : पुष्कळ.

दादा : पिशवीएवढं?

बाबा : पिशवीएवढं. केबिनमध्ये थोडं, मग दुसऱ्या मोठ्या घरात. ही पिशवी संपली की दुसरी पिशवी. तिथे तुझ्यासारखे आणखी लोक आहेत. बाग आहे. कॅरम आहे.

दादा : तुम्ही कुठे?

बाबा : इथे. घरी.

दादा : दोघंच?

बाबा : दोघंच.

दादा : मी पाणी सांडलं म्हणून?

आई : नाही रे. नाही. तू काही केलं नाहीस.

बाबा : मी म्हातारा झालो म्हणून. मला आता जमत नाही, दादा. मी पडतो. तुला सांभाळायला कोणी धडधाकट माणूस पाहिजे.

दादा : तुम्ही पडता.

बाबा : हो.

दादा : मग तुम्ही जा तिकडे. तिथे माणूस आहे. मी इथे थांबतो आईजवळ.

आई : ऐकलंत? एकोणीस पानांत नाही ते.

बाबा : तसं नसतं रे.

दादा : का?

बाबा : का ते... मला नाही सांगता येत.

दादा : तुम्ही भेटायला येणार?

आई : येणार. दर महिन्याला येणार. धाकटीला पण आणणार.

बाबा : अगं, दर महिन्याला कसं जमेल? एका दिशेला सहा तास. खोटं नको. आता तरी नको.

आई : जमेल तेव्हा येऊ, दादा.

दादा : बरं.

आई : बरं? बरं काय? रड, ओरड, काहीतरी कर की रे!

बाबा : जाऊ दे त्याला. कुठे निघालास?

दादा : आत.

बाबा : त्याला कितपत कळलं असेल?

आई : तुम्हाला किती कळलं?

बाबा : मी उद्या बाईंना फोन करतो. सांगतो, आम्ही मुलाला सांगूनच आणतोय. गाडी पावणेनऊची नको. तो आम्हाला जाताना बघेल, अशी ठेवा.

आई : आणि त्यांनी फोन ठेवला तर?

बाबा : परत लावतो.

(स्वयंपाकघरातून डबे सरकवल्याचा आवाज.)

आई : काय चाललंय रे आत? स्टुलावर चढलास का? उतर आधी!

दादा : डबे काढतो. वरचे. तुझा हात पोचत नाही.

आई : राहू दे राजा. शुक्रवारला अजून चार दिवस आहेत.

दादा : आता काढतो. सगळे खाली ठेवतो. बाबांनी चढायचं नाही.

बाबा : नाही चढणार.

दादा : आई, इकडे ये. बघून ठेव. साखर इथे. चहा इथे.