दुसरी हाक

डोळ्यांत थेंब घालून, डोळे मिटून बसलेल्या मारिसोलचे कान तेवढे उघडे होते. क्लिअर लेकच्या काठावरच्या त्या दवाखान्यात शेजारी म्हातारे बहीणभाऊ बसले होते.

“वेंडल, डॉक्टरांना खरं सांग हं. दमले मी झाकून झाकून.”

“काय झाकलंस, थेल्मा? सव्वीस वर्षं या तळ्यातल्या पाणडुब्या मोजतोय मी. डोक्यावरची काळी टोपी डोळ्याखाली उतरली की वेस्टर्न जातीची, डोळ्याच्या वरच थांबली की क्लार्क. झोपेतसुद्धा सांगेन.”

“सांगशील रे. पण दिसते का ती टोपी? गेली दोन वर्षं बोटीतून तू नुसता ‘वेस्टर्न, वेस्टर्न’ ओरडतोस. वहीत क्लार्क मी लिहिते, म्हणून आहेत.”

“ठाऊक आहे मला.”

“कसं?”

“मी ओरडलो की तुझी पेन्सिल थांबायची. ऐकू येतं मला, बहिरा नाही झालो अजून.”

“मग बोलला का नाहीस?”

“बोललो असतो तर मोजणी सुटली असती. म्हटलं, एकाला तरी दिसतंय ना, पुरे.”

“वेंडल…”

“आता काय?”

“आत गेलो की माझेही डोळे दाखवून घेऊ. मला तर पक्षीच धड दिसत नाही रे. नुसता ठिपका.”

“अगं, मग लिहायचीस कशावरून?”

“आवाजावरून. वेस्टर्न लागोपाठ दोनदा ओरडते, क्लार्क एकदाच.”

“आणि ती पेन्सिल?”

“दुसरी हाक येते का, वाट बघायचे.”