गिऱ्हाइकाचं नाव नसलेल्या ओव्या

जिंतूरची बस परभणीच्या स्टँडातून हलली, तशी मनकर्णाबाईंना डुलकी यायला लागली. पण मागच्या सीटवरचे दोघे बोलायला लागले आणि त्यांची झोप उडाली ती उडालीच.

"व्यंकटराव, छापखान्यातल्या कॉम्प्युटरला नवी हार्ड डिस्क बसवली म्हणं?"

"बसवली. जुनी लय कुरकुर करायलीती. तिच्यातलं समदं नव्या डिस्कवर उतरवून घेतलं."

"मंग तोंड पाडून का बसलाव?"

"समदं कुठं उतरलं, आश्रुबा. मेकॅनिकनं इचारलं, काय काय घ्यायचं. मी म्हणलं, गिऱ्हाइकाच्या नावानं हाय तेवढं घे, बाकीचा कचरा सोड. लग्नपत्रिका आल्या, नामांतर दिनाची हँडबिलं आली. आईच्या जात्यावरच्या ओव्या ऱ्हायल्या."

"म्हातारीनं सांगितलेल्या?"

"ती म्हणायची, मी टाईप करायचो. आई काय गिऱ्हाईक हाय व्हय? नावच टाकलं नव्हतं. माझ्याच तोंडानं कचरा म्हणलं."

"आन जुनी डिस्क?"

"मेकॅनिकनं पुसून दुसऱ्याला दिली."

"मंग म्हातारीला पुन्हा म्हणायला बसवा की."

"बसवलं. येक ओवी म्हणली आन थांबली. म्हणली, तुझ्या मशीनमधी हायत म्हणून मी सोडून दिल्या रे बाबा. आता तूच छापून आण."

"मंग?"

"मी म्हणलं, लाईट न्हाई."

बसनं एक गाव मागं टाकलं. मनकर्णाबाईंनी मान वळवली नाही.

"आन आता?"

"आता घरी गेलं की दारातच इचारती, लाईट आली का रे."