चौकातला दुसरा वामनराव

नाई जी, तिथं नका बसू — तिथून पोलीस पुरा दिसत नाई, कडुनिंबाची फांदी येते आडवी, नुसते बूट दिसतीन तुमाले. इकडं या, आमच्या मांडवात बसा. आता संपाच्या मांडवात साहेबानं बसू नये असा काई कायदा आहे का? नाई ना? मंग! रशिदाबाई, साहेबाले एक चहा द्या, अद्रक घालून — हो, माह्या नावानं. घ्या ना जी, चहानं काई तुमचं मत बदलत नाई. तुम्ही चंद्रपूरवरून आले, अंधार पडेपर्यंत हा चौक पाहणार, अन् जाऊन सांगणार का पुतळ्यावर काम भागते, का काढलेली माणसं परत घ्या लागतीन. एवढंच ना? चौकात गोंधळ दिसला तं आम्ही कामावर, नाई दिसला तं आम्ही घरी. म्हणजे आमची सगळ्याईची भाकर आज तुमच्या डोळ्यात आहे. म्हणून म्हटलं, डोळ्याले जागा तरी बरी पाह्यजे.

तो पाहा. मधात उभा आहे तो. खाकी सदरा, टोपी, काळा चष्मा, एक हात वर. छातीवरची पट्टी वाचता येते का इथून? नाई येत? मी सांगतो — वामनराव. वामनराव म्हणजे मी. हो जी, मीच. सदरा माहा आहे, पट्टी माही आहे, काखेत उसवलं आहे तेपण माहंच आहे. काढलं तेव्हा म्हणे, वर्दी जमा करा, नगरपंचायतीची मालमत्ता आहे. मी धुऊन, इस्त्री करून दिली — असा मी मूर्ख! अन् आठवड्यानं पाहतो तं मालमत्ता चौकात उभी. बायको बाजारातून आली, मले घरात पाह्यलं अन् पिशवी खाली आदळली — म्हणे, मंघाशी चौकात विचारलं वांगे घेऊ का कारले, तं तुमच्या तोंडातून शब्द काऊन नाई निंघाला? लग्नाले एवढी वर्षं झाली, तिले फरक वाटला नाई. आता तुम्ही हसून राह्यले. हसा. ती हसली नाई, कारलेच घेऊन आली होती.

तुमाले वरून कायतरी वाचायले दिलं असन, पण त्यात असली गोष्ट राहत नाई, मी सांगतो. हा रस्ता वरच्या चुनखडीच्या खदानीतून येते अन् गडचांदूरकडं जाते. सगळा उतार. ट्रकवाला इथपर्यंत येते तं त्याचा पाय ब्रेकवर नसते, नशिबावर असते. ठाणेदाराकडं माणसं कमी — तो म्हणे, मी आरोपी सांभाळू का तुमचा चौक? तं नगरपंचायतीनं ठेकेदाराकडून आमाले घेतलं. कंत्राटी पोलीस. ठाणेदार म्हणे, पोलीस म्हणू नका, सहायक म्हणा. ठेकेदार म्हणे, कामगार म्हणा. ट्रकवाले जे म्हणत ते रशिदाबाईसमोर सांगता येत नाई. मले काई म्हणा बावा, गाडी थांबली पाह्यजे. अन् थांबत होती! गाडीचं काय घेऊन बसले — वाघ थांबला. खरंच! सकाळची वेळ, पोंभुर्ण्याच्या जंगलातून फिरत फिरत आलेला, हा असा त्या पान ठेल्यापाशी येऊन उभा. इकडून ट्रकाची रांग. मी शिटी मारली, हात केला, ट्रक थांबले, अन् मंग त्याले म्हटलं, चला. तं साहेब, त्यानं दोन्हीकडं पाह्यलं, अन् पांढऱ्या पट्ट्यावरून रस्ता ओलांडला. आमचा एक नगरसेवक आजवर त्या पट्ट्यावरून गेला नाई! नाई पटत? नका पटू देऊ. वाघ काई सही करून गेला नाई.

मंग भांडण कायचं, म्हणता? भांडण असं — आमच्या नगराध्यक्ष बाई आहे, अन् बाईचे यजमान आहे. खुर्ची बाईची, तोंड यजमानाचं. बाई सभेत बसते, यजमान मागच्या दारात उभा राहून बोलते, अन् इतिवृत्तात लिहितात बाई म्हणाल्या! तं एका सभेत यजमान म्हणे, बंदोबस्त सरकारचं काम, आम्ही काऊन पोलीस पोसावे? ठाणेदार म्हणे, रस्ता तुमचा, बाजार तुमचा, माणसंही तुम्हीच ठेवा. ठेकेदार म्हणे, माहा करार संपला, मले दोघाईशी घेणं नाई. तिघाईच्या भांडणात कोणाचं काय गेलं? कोणाचंच नाई. काढलं आमाले. अन् काढलं कसं — आमच्या मोबाइलवरच्या गटात ठेकेदार दररोज सकाळी गुलाबाचं फूल टाकते, शुभ सकाळ म्हणून. त्या दिवशीही टाकलं. गुलाबाच्या खाली बारीक अक्षरात — उद्यापासून कोणी येऊ नये. हर्षानं, आमच्यातली तरणी पोरगी आहे ती, तिनं तं पुरं वाचलंच नाई, दोन हात जोडलेलं चित्र पाठवून दिलं उलट. ठेकेदार म्हणे, पाहा, राजीखुशीनं गेले!

अन् हा पुतळा — ही यजमानाची अक्कल. कुठल्या तरी मोठ्या शहरात पाह्यला त्यानं असा पोलीस, गाडीतूनच, धावता. आला अन् म्हणे, पगार नाई, सुट्टी नाई, युनियन नाई, असा माणूस मले सापडला. आता इथं खरी मजा आहे, चहा ठेवा खाली, नाई तं सांडन. पुतळा भरायचा कायनं? बाईचं माहेर आरमोरीचं, धानाचा मुलूख. यजमानानं सासऱ्याकडून ट्रॅक्टर भरून तणस आणला, धानाचा पेंढा. फुकट! माह्या वर्दीत ठासून ठासून भरला, हातात भरला, गालात भरला, असा गोंडस वामनराव झाला का मीही कधी नव्हतो. ढोलताशे लावून चौकात उभा केला. आता मले सांगा — इथल्या जनावराले वर्षभर काय भेटते? तुरीचं कुटार अन् कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्या. त्याईच्यासाठी धानाचा तणस म्हणजे लग्नाची पंगत! अन् गावचा कळप जाते कुठून? याच चौकातून. बाभळीच्या रानातून दररोज संध्याकाळी, दुसरा रस्ताच नाई. एवढं इथल्या लेकराले कळते. यजमान इथंच जलमला, इथंच वाढला, पण गाडीची काच वर असली का गावचं ढोर दिसत नाई वाटते.

तं पहिल्या दिवशी सूर्य बुडाच्या आधी कळप आला. पुढची गाय थांबली, नाक वर केलं. एकदम अदबीनं गेली त्याच्यापाशी — मी मांडवात, पाहून राह्यलो — अन् बाही ओढली. मंग दुसरीनं गाल. एका वासरानं खिशातून खाल्लं, अगदी वर्गणी मागायले आल्यासारखं! म्हशी आल्या तेव्हा पोट उरलं होतं, ते त्याईनं वाटून घेतलं. पट्टा राह्यला, टोपी राह्यली, वर्दी राह्यली, अन् आतमंधी एक बांबू. मी बसल्या जागेवरून सोताले खाताना पाह्यलं साहेब, हे भाग्य कोणाले भेटते? ट्रक थांबले खदानीपर्यंत. अन् यजमान काय करते? धावत आला अन् फोटो काढला — पाहा, आमच्या पुतळ्यानं पुरी वाहतूक थांबवली! पेपरात आला तो फोटो. अन् त्याच संध्याकाळी ठाण्यात तक्रार — जनावराईनं पोलीस खाल्ला. ठाणेदारानं विचारलं म्हणे, कोणत्या पदाचा? आता यात थोडं मीठमसाला माहा आहे, पण तणस खाल्ला हे देवाशप्पथ खरं, रशिदाबाईले विचारा.

दुसरा भरला तो सिमेंटच्या रिकाम्या पोत्याईनं. तोच हा. याले कोणी खात नाई, कोणी भेत नाई. पण यजमान छाती काढून सांगते — पुतळा उभा झाला तेव्हापासून एक अपघात नाई. अन् खरं आहे! एक नाई! तुम्ही विचारलं का, काऊन नाई? सांगतो ना. कारण आमच्यातच बिनडोक भरले आहे. ही हर्षा. संपावर बसली, डोक्याले पट्टी बांधली, घोषणा देते तं गळा फाटते, अन् कळप आला का मांडवातून उठते, पुतळ्याच्या मागं जाऊन उभी राहते, शिटी मारते, ट्रक थांबवते. बिनपगारी! मी म्हटलं, ए बाई, तू संपावर आहे का कामावर? तू शिटी मारते अन् नाव होते त्या पोत्याचं! तुह्या हातानं तुही नोकरी गाडून राह्यली! तं म्हणे, काकाजी, पण पोचूबुढा?

पोचू म्हणजे आमचा गायकी, गुराखी. गावचा कळप तोच नेते, तोच आणते. डोळ्यात मोतीबिंदू, दोन्ही. उजेड दिसते, रंग दिसते, बाकी धूर. ट्रक त्याले दिसत नाई, अन् ऐकू येते तेव्हा उशीर झालेला राहते. त्याले मीच सवय लावली होती — बुढ्या, मधात खाकी दिसली का समज गाड्या थांबल्या, चाल बिनधास्त. अन् चालत होता. खाकी दिसली का कपाळाले हात लावते अन् उतरते रस्त्यावर. आता खाकी तं चोवीस तास उभी आहे. ... हो ना, तेच तं. मी असताना खाकी म्हणजे गाडी थांबली. आता खाकी म्हणजे पोतं.

त्याले सांगावं, म्हणता? सांगतलं नाई वाटते तुमाले? त्याच्या समोर उभा राहून सांगतलं, पोचू, मी वामनराव, तो मी नाई. तं बुढा चौकाकडं बोट दाखवते — वामनराव तं ड्युटीवर आहे, तू कोण? म्हटलं, आवाज ओळख माहा. म्हणे, वामनरावाच्या आवाजात दम होता, तू तं उपाशी वाटते! जाऊ द्या. चहा थंडा झाला तुमचा.

पण आज नाई. आज कोणी उठणार नाई. काल बाबासाहेबांच्या फोटोसमोर शपथ घेतली सगळ्याईनं, तो पाहा फोटो, हार ताजा आहे — चंद्रपूरचे साहेब येऊन राह्यले, त्याईले चौक जसा आहे तसा दिसला पाह्यजे. शपथ घालणारा मीच. अन् हर्षाले गडचांदूरले पाठवलं, मुद्दाम, झेरॉक्स काढायले. ती असती तं उठली असती. ती नसली का कोणी उठत नाई.

काय? मंग परवा ती बिमार होती तेव्हा कोण... कोणी नाई. मी पाणी प्यायले गेलो होतो पलीकडच्या नळावर. हातात शिटी होती, वाजली असन. त्याच्या आधी? त्याच्या आधीही तहान लागली होती. माणसाले तहान लागत नाई का जी? उन्हाचे दिवस आहे! अन् तुम्ही काय, पोलीसच झाले, उलटतपासणी करून राह्यले. तुमचं काम चौक पाहणं, माहं पाणी मोजणं नाई. तिकडं पाहा.

आला कळप. धूळ दिसली? आता पाहा, जसं आहे तसं पाहा, डोळे मिटू नका. निकेश, तूही शपथ घेतली ना काल, बस खाली. बस म्हणतो ना! साहेबाईले पाहू दे. वरून खदानीचा ट्रक येऊन राह्यला — भरलेला आहे, आवाजावरून कळते, रिकामा असा घरघर करत नाई. तुमाले वाटन मी दगड आहे. मी दगडच आहे. आमची सगळ्याईची लेकरं आहे घरी, बुढ्यानं एक दिवस थांबावं, एक दिवस कोणीतरी त्याले... थांबते तो कधीकधी. आज थांबन. गाई पुढं झाल्या, तो मागंच आहे, काठी टेकून — हां, थांबला. पाह्यलं? थांबला. ... हात नको लावू. पोचू, कपाळाले हात नको लावू बावा. अबे कोणाले सलाम करते, पोतं आहे ते! पोतं! पोचू!

साहेब, पाय घ्या मधातून, जाऊ द्या मले. पाय घ्या म्हणतो ना! अन् लिहा काय लिहायचं ते — पुतळ्यानं ट्रक थांबवला म्हणून लिहा, जा —