सासूच्या दंडात गेलेली सुई

होसियत: आधी तू टोचून घे.

मुकद्दस: होसियत-ओपा, मी ऑक्टोबरातच टोचून घेतली.

होसियत: मी पाहिलं नाही.

मुकद्दस: तुमचं लग्नही मी पाहिलं नाही. तरी बोतिर तुमचाच मुलगा आहे हे मी मानून चालते.

होसियत: बोतिरला मध्ये आणू नकोस. तो तिकडे कझानला बर्फात विटा रचतोय आणि रोज फोन करून विचारतो, ओयदिन बरी आहे ना? आई बरी आहे का, ते नाही.

ओयदिन: तुमचंही विचारतात, ओयी. तोवर तुम्ही फोन ठेवलेला असतो.

होसियत: सातवा महिना लागला की सुना सासूला दुरुस्त करायला लागतात का गं, मुकद्दस? तू नर्स आहेस म्हणून विचारते.

मुकद्दस: लागतात. पोट पुढे येतं तशी जीभही येते, त्यावर औषध नाही. फ्लूवर आहे. ते या पेटीत बसलंय आणि तुम्ही मला तिसरा चहा पाजताय.

होसियत: चौथा. माझ्या घरात फ्लू नाही.

मुकद्दस: शेजारच्या सनोबरच्या घरातही नव्हता. परवा सकाळी नुसती खोकत होती, आता ऑक्सिजनवर आहे. तिलाही सातवाच.

होसियत: सनोबर अंगणात अनवाणी हिंडते.

मुकद्दस: फ्लू पायांतून चढत नाही, ओपा. या दिवसांत बाईची छाती आधीच पोटाने वर ढकललेली असते, तिला तो दुप्पट जड जातो. शिवाय आता टोचलं तर बाळालाही पहिले काही महिने आधार मिळतो. त्याला स्वतःला सहा महिन्यांचं होईपर्यंत टोचता येत नाही.

होसियत: आणि सुईत काय आहे?

मुकद्दस: मेलेला विषाणू.

होसियत: मेलेला. नाडी कुणी पाहिली?

मुकद्दस: कारखान्याने.

होसियत: माझ्या शिलाई मशीनचीही कारखान्यानेच हमी दिली होती. आणि बोतिरच्या वेळी डॉक्टर काय म्हणाले होते माहीत आहे? गरोदर बाईला सुईच्या वाऱ्याला उभं करू नका. पांढरा कोट, जाड चष्मा, सगळं होतं त्यांच्याकडे. तुझ्याकडे नुसता कोट आहे.

मुकद्दस: त्यांना तेव्हा जेवढं माहीत होतं तेवढं ते बोलले. त्यानंतर लाखो गरोदर बायकांना टोचून पाहिलं...

होसियत: टोचून पाहिलं. ऐकलंस ना, केलिन, सूनबाई? टोचून पाहतात.

मुकद्दस: टोचलं, आणि मग त्यांच्यावर लक्ष ठेवलं. बायका ठीक, बाळं ठीक. थोडा दंड दुखतो, एखादीला ताप येतो. तुम्ही गेल्या महिन्यात तुमच्या गाभण मेंढ्यांना टोचून घेतलंत, तेव्हा पशुवैद्याचा चष्मा पाहिला होता?

होसियत: मेंढीचा नवरा मला कझानहून फोन करत नाही.

ओयदिन: ओयी, मला घ्यायची आहे.

होसियत: तुला कुणी विचारलं?

ओयदिन: कुणीच नाही. म्हणून सांगितलं.

होसियत: तू चहा ओत. हे बघ मुकद्दस, आपल्या लोकांत चहा ओतणारा पहिली वाटी स्वतः पितो. का? पाहुण्याला कळावं की किटलीत विष नाही. बरोबर? मग तुझी ही सुई आधी या घरातलं कुणीतरी घेईल. मी घेते.

मुकद्दस: तुम्ही?

होसियत: मला टोच. मला काही झालं नाही, तर मी हिच्या आडवी येणार नाही. हा बघ नान, नानवर हात ठेवून सांगते.

मुकद्दस: ओपा, मी दारातच म्हणाले होते...

होसियत: दारातलं दारात. टोचतेस की पेटी उचलतेस?

मुकद्दस: टोचते. सासूच तयार नसेल तर पेटीभर सुया आणूनही मी फक्त चहाच पिणार. बाही वर करा. दुसरी बाही. त्या हातात तुम्ही वाटी धरली आहे.

होसियत: सावकाश... झालं?

मुकद्दस: झालं. आता अर्धा तास मला तुमच्याजवळ बसायचंय.

होसियत: बस. मी सांगत राहीन. आता काही नाही. आता डाव्या कानात गरम वाटतंय.

मुकद्दस: कान शेगडीकडे आहे.

होसियत: हो, शेगडी आहे. आता माझ्या थोरल्या बहिणीचा राग येतोय.

मुकद्दस: तो आधी नव्हता?

होसियत: होता. पण आता स्पष्ट येतोय.

ओयदिन: ओयी, झाली ना खात्री? मुकद्दस-ओपा, आता मला टोचा.

होसियत: हो, टोच. मी नानची शपथ घेतली आहे. टोच की.

मुकद्दस: एकच होती, केलिन.

ओयदिन: काय एकच होती?

मुकद्दस: सुई. तुझ्या नावाची. दारातच सांगितलं होतं मी यांना, की एकच मिळाली, जपून आणली. मला वाटलं, यांना पटलं तर उद्या दुसरी आणेन.

होसियत: मग उद्या आण. नाहीतर परवा. घाई काय आहे?

ओयदिन: म्हणजे तुम्हाला माहीत होतं.

होसियत: मी शपथ मोडलेली नाही. सुईच नाही, तर आडवी कशाला येऊ?

मुकद्दस: होसियत-ओपा, माझ्या नोकरीत लोकांनी सुई बघून पळ काढलेला मी पाहिलाय. लपून बसलेले पाहिलेत. सुई अडवायला स्वतःच्या दंडात घेणाऱ्या तुम्ही पहिल्याच.

ओयदिन: का, ओयी?

होसियत: चहा थंड होतोय.

ओयदिन: होऊ दे. का?

होसियत: का म्हणजे. गेल्या खेपेला पाचव्या महिन्यात गेलं तुझं, तेव्हा मी काय केलं होतं? काही केलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, कधीकधी कारण नसतं. गल्लीला कारण लागतं. कुणी म्हणालं, सासूने पाण्याच्या बादल्या उचलायला लावल्या. कुणी म्हणालं, सासूची नजर. बोतिर काही म्हणाला नाही, फक्त फोनवर गप्प बसला. ते गप्प बसणं मी अजून ऐकते. काही न करता इतकं झालं. आता मी होकार दिला, सुई टोचली, आणि काही झालं, तर? फ्लू आला तर तो देवाकडून आला. सुई माझ्या होकाराने येते.

मुकद्दस: गेल्या वेळचा आणि सुईचा काही संबंध नाही, ओपा. तेव्हा सुईच नव्हती.

होसियत: तेच तर सांगतेय. तेव्हा सुई नसताना माझ्यावर आलं.

ओयदिन: आणि आज?

होसियत: आज काय?

ओयदिन: आज सुई होती. इथे, या दस्तरखानावर, नानच्या शेजारी. ती तुम्ही घेतलीत. आता मला फ्लू आला, तर तो देवाकडून आला असं नाही म्हणता येणार, ओयी. त्यात तुमचाही हात आहे.

होसियत: असं बोलतात का सासूला?

ओयदिन: नाही बोलत. मी दोन वर्षं नाही बोलले. रात्री पोटावर हात ठेवते, ते हलेपर्यंत डोळा लागत नाही. सनोबर खोकायची ते भिंतीतून ऐकू यायचं मला. परवापासून येत नाही. तुम्हाला तुमची भीती आहे तशी मला माझी आहे. पण बाळ माझ्या पोटात आहे.

होसियत: मुकद्दस, तू काही बोल ना.

मुकद्दस: मी दवाखान्यात विचारते.

(मुकद्दस फोन लावते.)

मुकद्दस: डॉक्टर, मी मुकद्दस. एक सुई हवी होती... हो, सकाळची टोचली... नाही, तिला नाही... घरातल्याच एका बाईला... नाही, गरोदर नाही... छप्पन्न... नाही डॉक्टर, काहीच शक्यता नाही... चहावरून झालं... नाही, समोर येऊन सांगितलं तरी समजणार नाही... सगळ्या संपल्या? मग पुढच्या कधी?... नव्या वर्षानंतर? तोवर अर्धं शहर खोकेल... स्टेशनजवळच्या दवाखान्यात एक आहे? दोन वाजेपर्यंत ठेवतील... ती स्वतः आली तर. बरं.

ओयदिन: मी जाते.

होसियत: स्टेशनजवळ? तिथे सगळं मार्गिलान शहर येऊन खोकतं. मुकद्दस जाईल आणि घेऊन येईल.

मुकद्दस: ते देणार नाहीत. गेल्या सुईचं काय झालं हे आत्ताच डॉक्टरांच्या कानावर गेलंय. शिवाय तुमचा अर्धा तास झालेला नाही, मला तुमच्याजवळून हलता येत नाही. कायदा तसा आहे.

होसियत: मला काही झालेलं नाही.

मुकद्दस: हे तुम्ही मघाशी म्हणाला असतात तर बरं झालं असतं.

ओयदिन: कोपऱ्यावर सोबिर-अकांची टॅक्सी उभी असते. अंगरखा घालते आणि निघते.

मुकद्दस: मास्क लाव, नाकाच्या वरपर्यंत. रांगेत बसू नकोस, मागच्या दाराने जा. मी तिथल्या बाईंना फोन करून ठेवते. टोचल्यावर अर्धा तास तिथेच, खिडकीजवळ. आणि लक्षात ठेव, अंगात ताकद यायला दोन आठवडे लागतात. तोवर सनोबरकडे जायचं नाही.

होसियत: आणि माझी काय, वाया गेली म्हणायची?

मुकद्दस: वाया नाही. बाळाला दिवसभर मांडीवर कोण घेणार आहे? तुम्हीच. निदान तुमच्याकडून त्याला काही लागायचं नाही. पण ते दुसऱ्या नंबरचं काम होतं, ओपा. ते तुम्ही आधी केलंत.

होसियत: केलिन, बोतिरला काय सांगायचं?

ओयदिन: संध्याकाळी फोन आला की मीच सांगेन. ठरवलं मी, गेले मी. विचारायचं असेल तर मला विचारा, आईला नाही.

होसियत: आणि तो गप्प बसला तर?

ओयदिन: तर फोन माझ्या कानाला असेल. तुमच्या नाही.

होसियत: ...तो अंगरखा पातळ आहे. माझा घाल. पोटावर बटण लागणार नाही, वरून शाल घे. आणि सोबिरला म्हणावं, हळू चालव, मेंढ्या भरल्यासारखी नको.

ओयदिन: येते, ओयी.

होसियत: थांब. तिथे त्या बाईंनी विचारलं, घरच्यांना सांगून आलीस का, कुणी पाठवलं, तर काय सांगशील?

ओयदिन: सासूने पाठवलं म्हणू का?

होसियत: तू जा. परत येईपर्यंत मी ठरवते.