आखाजीचं पाचवं ढेकूळ

हसू नका, पण आमच्या शिंदखेड्याकडे पावसाचा अंदाज अजून ढेकळं सांगतात. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, अंगणात पाण्याच्या घागरीखाली चार ढेकळं ठेवायची, ज्येष्ठ ते भाद्रपद. घागर पाझरून ज्या महिन्याचं ढेकूळ जास्त भिजेल, त्या महिन्यात पाऊस चांगला. माझे आबा पेरणी त्यावरच ठरवतात.

गेल्या आखाजीला भरदुपारी अवकाळी पाऊस कोसळला. आबा ओरडले, "ताडपत्री आना रे! बठ्ठं झाका!"

सगळी ढेकळं भिजली तर वर्षाचा अंदाजच बुडाला! आम्ही भाऊ कांद्यासाठी आणलेली ताडपत्री घागरीवर धरून अर्धा तास उभे राहिलो. एकाही ढेकळावर थेंब पडू दिला नाही.

पाऊस थांबल्यावर आईनं एवढंच विचारलं, "आनि कांदा?"

काढलेला सगळा कांदा शेतात उघडाच पडला होता.

यंदा घागरीखाली बघतो, तर पाच ढेकळं. म्हटलं, "आबा, हाई पाचवं कसानं?"

"वैशाखनं," आबा म्हणाले. "ज्या महिनाम्हा पानी येत नही, आते त्यानाच धाक शे."