चहा न घेता

(उल्हासनगर, कॅम्प तीन. सोनोग्राफी करून आलेले नवरा-बायको दाल-पकवानच्या दुकानात.)

वृंदा : अहो, पण पोटात दुखत होतं माझ्या! मग गाठ तुमच्या पोटात कशी सापडते?

श्रीपाद : हळू बोल, शेठ बघतोय. साईं, दाल और डालना! खा गं, सकाळपासून उपाशी आहेस.

वृंदा : तुम्हीही उपाशीच. मला चहा नाही, म्हणून साहेबांनीही घेतला नाही.

श्रीपाद : आणि तिथे जाऊन काय तमाशा! 'मी नाही झोपणार, करंट बसेल!'

वृंदा : मग तुमचा शहाणपणा. 'डॉक्टर, आधी मी झोपतो, हिला बघू दे.'

श्रीपाद : बसला का करंट?

वृंदा : डॉक्टरीणबाई किती हौसेने दाखवत होत्या. हे लिव्हर, ही किडनी... आणि एकदम एकाच जागी मशीन फिरवत राहिल्या. माझी नुसती ॲसिडिटी निघाली, आणि तुमच्या स्वादुपिंडावर लिंबाएवढी गाठ!

श्रीपाद : बोराएवढी म्हणाल्या त्या. अंबरनाथला घरी पोचेपर्यंत तू कलिंगड करशील.

वृंदा : हसू नका. उद्या मुंबईला जाऊन सिटीस्कॅन करायचा.

श्रीपाद : उद्या कसं जमेल? कंपनीत बॉयलर तपासायला येतायत. दिवाळीनंतर बघू. दुखतंय कुठे मला?

वृंदा : बाई काय म्हणाल्या, विसरलात? खाऊन-पिऊन आला असतात तर गॅसमुळे ती दिसलीच नसती. माझ्यासाठी उपाशी राहिलात म्हणून दिसली. आता मी डोळे मिटून बसू?

श्रीपाद : ...वृंदा, त्या मशीनचा फोटो बघितलाय मी. आख्खा माणूस आत सरकवतात.

वृंदा : म्हणजे बॉयलर-बियलर काही नाही. घाबरलायत तुम्ही!

श्रीपाद : हळू बोल गं.

वृंदा : मीही घाबरलेय. पण उद्या जायचंच. आधी मी झोपते, तुम्ही बाजूला उभे राहून बघा.

श्रीपाद : तुला कोण झोपू देणार? तुला काही झालंय का?

वृंदा : विचारून तर बघते. नाहीच म्हणाले तर दाराशी उभी राहीन. हलणार नाही तिथून.

श्रीपाद : ...उद्याही उपाशीच जावं लागेल ना?

वृंदा : हो. चहा टाकतच नाही मी. दोघांचाही.